बारा व्होल्ट

चोरासाठी नको, सत्यव्वा म्हणाली,
चोर येऊन नेणार काय, माझं सूप आणि कात्री?
आतून बाहेर जाणाऱ्यासाठी बसव.
आणि तेंदूचं पान कापता कापता
हनुवटीनं दाखवलं कॉटकडे.
तिथं मल्लेशम आपल्या बोटांकडे बघत बसलेला,
कुणी सांभाळायला देऊन गेलेल्या वस्तूंकडे बघावं तसा.

विडी घरकुल. दोन खोल्या, वर पत्रा.
एप्रिलातले अकरा वाजलेले,
शिडीवर माझ्याआधी ऊन चढून बसलेलं.

दाराला चुंबक, चौकटीला स्विच,
मधली फट नखाएवढी.
तिथून तार, पट्टीतून, फोटोंच्या मागून,
कोपऱ्यातल्या पेटीपर्यंत.
पेटीत ट्रान्सफॉर्मर, आणि लाईट गेली तर
सात अँपियरची बॅटरी, विटेपेक्षा जड.
लाल ती प्लस, काळी ती मायनस, विसरू नका म्हणालो.
ती हसली. विसरायचं खातं यांच्याकडं आहे, इरण्णा.

मग तिला समजावलं:
या तारेतून करंट सारखा फिरत असतो.
फिरतो तोवर पेटी गप्प.
दार उघडलं, करंट तुटला, की बोंब.
तारेच्या टोकाला हा रेझिस्टर, तांदळाएवढा,
तो रात्रभर पेटीला सांगत राहतो
आहे, अजून आहे, आहे.

"मागावर उलटं असतं."
मल्लेशम. सकाळपासूनचं पहिलं वाक्य.
"ताण्याचा धागा तुटला की पत्ती पडते.
पत्ती पडली की सर्किट लागतं.
लागलं की माग थांबतो."
मी शिडीवरच थांबलो. बरोबर होतं त्याचं.
एकतीस वर्षं जॉबर.
बायकोचं नाव आठवड्यातून दोनदा हरवतं,
पत्ती कुठं पडते ते नाही.

शेवटी सायरन तपासला.
तीन सेकंद, जास्त नाही.
शेजारचं भांडण थांबलं, कुत्री उठली,
आणि मल्लेशम उठला.
खुंटीवरचा सदरा घातला, बटणं न चुकता,
चपला शोधल्या, डबा मागितला.
पहिली पाळी, म्हणाला. भोंगा झाला की.
दार उघडलं त्यानं, तसा सायरन पुन्हा सुरू,
आणि भोंगा ऐकून तो आणखी भराभर चालू लागला.

सूप उपडं टाकून सत्यव्वा धावली.
पिठाच्या गिरणीपाशी गाठलं.
रागावली नाही. तेलुगूत काहीतरी बोलली,
मला एवढंच कळलं: आज सुट्टी.

मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिलो.
चोवीस घरांत हीच पेटी लावली होती,
असं कुणाला बोलावून घेईल, वाटलं नव्हतं.

सायरनची तार कापली.
सात रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीवाला आहे, इलियास,
त्याच्याकडून नखाएवढी थरथरणारी मोटर आणली,
बाराचे तीन व्होल्ट करून
सत्यव्वाच्या उशीत शिवली. म्हणजे तिनंच शिवली,
मी नुसती तार धरली.
आता दार उघडलं की तिच्याच कानाखाली थरथरेल,
बाकी घर झोपलेलं.

हत्यारं आवरायला गेलो तर
पेटीपाशी मल्लेशम उभा,
कापलेल्या तारेची दोन टोकं हातात.
थुंकी लावली, न बघता बोटं फिरवली,
विणकराची गाठ.
प्लास्टिकसकट मारलेली. तिच्यातून करंट जात नाही.
ओढून बघितली, सुटलीही नाही.
टेप गुंडाळून तशीच आत ठेवली,
कुठंही न पोचणारी एक तार,
आणि झाकण लावलं. चारपैकी तीन स्क्रू,
चौथा कुठं पडला कळलंच नाही.

"याचं बिल लई येईल का रे?"
नाही येत, म्हणालो,
आणि खाली सांडलेली पानं
तिच्याबरोबर वेचू लागलो.